बदलाच्या दिवसांत देवाचं मार्गदर्शन कसं ओळखावं

घरातलं माणूस गेलं, नोकरी सुटली, मुलगा पुण्याला बोलावतोय, मुलीला स्थळ आलंय, किंवा नुकताच बाप्तिस्मा घेतला आणि सगळे नातेवाईक रुसून बसलेत. अशा वेळी आमच्या भगिनी मंडळात एकच प्रश्न फिरून फिरून येतो, “देवाची इच्छा कशी कळायची ओ, सिस्टर?” मला सिस्टर म्हणतात कारण मी जन्मभर नर्स होते. मिरजेच्या मिशन दवाखान्यात शिकले, नोकरी बेळगावात केली, घर शहापुरात. पती वारले आणि मुलगा पुण्याला ये म्हणू लागला, तेव्हा हाच प्रश्न माझ्यापुढे उभा राहिला. तेव्हा जे उपयोगी पडलं, आणि पुढे इतरांबरोबर बसून जे पारखून पाहिलं, ते इथं सांगते.

माझं म्हणणं असं की देव बहुतेक वेळा पुढची पाच वर्षं उलगडून दाखवत नाही, आज करायचं काम दाखवतो. आपण ते काम बाजूला सारतो, मोठ्या उत्तराची वाट बघत बसतो आणि मग देव बोलत नाही म्हणून कष्टी होतो. स्तोत्र ११९:१०५ आपल्या सगळ्यांना पाठ आहे, “तुझे वचन माझ्या पावलांकरता दिव्यासारखे व माझ्या मार्गावर प्रकाशासारखे आहे.” हातातल्या दिव्याचा उजेड पुढच्या चार पावलांपुरताच पडतो. तेवढी पावलं टाकली की पुढची दिसतात.

आधी जेवा, झोपा

पवित्र शास्त्रातला १ राजे, अध्याय १९ वाचा. ईजबेल राणीच्या धमकीने पळालेला संदेष्टा एलीया रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागतो. देवदूत येतो तो उपदेश करत नाही. ऊठ, खा, एवढंच म्हणतो. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी ठेवलेलं असतं. एलीया खातो, पुन्हा झोपतो, पुन्हा उठून खातो. त्यानंतर चाळीस दिवस चालून तो होरेब डोंगराला पोचतो आणि तिथं त्याला देवाची ती मंद वाणी ऐकू येते. वारा, भूकंप, अग्नी सगळं होऊन गेल्यावर.

हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. कित्येक रात्री डोळ्याला डोळा न लागलेल्या माणसाला जे ‘आतून वाटतं’, त्यात थकव्याचाच भाग जास्त असतो. म्हणून कोणी नुकतं दुःखात पडलेलं माझ्याकडे आलं की मी आधी विचारते, रात्री झोप लागते का? जेवण जातं का? बीपीच्या, साखरेच्या गोळ्या वेळेवर चालल्यात का? आठवडेच्या आठवडे झोप नसेल, अन्नावरची वासना उडाली असेल, जगणं नको वाटत असेल, तर ताबडतोब डॉक्टरांकडे जा. त्यात विश्वास कमी पडला असं काही नाही. एलीयाचा विश्वास कुठं कमी होता?

आणि याच दिवसांत सही करू नका. माती देऊन आल्यावर तिसऱ्या दिवशीच घर कुणाच्या नावावर, शेताच्या उताऱ्यावर कुणाची नावं, अशी चौकशी सुरू होते, हे मी पुष्कळ घरांत पाहिलंय. आपल्या भागात कागद कन्नडमध्ये असतात. आपल्यासारख्या मराठी शाळेत शिकलेल्या बायकांना ते धड वाचता येत नाहीत. वाचता येणाऱ्या विश्वासू माणसाकडून ओळ न् ओळ वाचून घ्या आणि तरीही म्हणा, “थोडे महिने जाऊ देत.” घर विकणं, दुसऱ्या गावी कायमचं जाणं, पुन्हा लग्न करणं, असे निर्णय पहिल्या काही महिन्यांत टाळता आले तर टाळावेत. गणना ९ मध्ये, रानातल्या प्रवासात, देवाच्या निवासमंडपावरचा मेघ कधी दोन दिवस, कधी महिनाभर, कधी त्याहून जास्त थांबायचा. तो थांबला असता इस्राएल तळ देऊन राहायचे. थांबायला सांगणं हेही देवाचं मार्गदर्शनच आहे.

नेमकं काय विचारताय ते लिहा

‘प्रभू, मला मार्ग दाखव’ ही प्रार्थना चांगली आहे, पण तिचं उत्तर आलं तरी ओळखणार कसं? म्हणून कागदावर एका वाक्यात प्रश्न लिहा. लिहिताना बरंच काही उघडं पडतं.

खानापूर तालुक्यातला एक मुलगा आईबरोबर माझ्याकडे आला होता. मराठी माध्यमात शिकलेला, पदवी झालेली. कर्नाटकात सरकारी परीक्षा द्यायची तर कन्नड चांगलं पाहिजे. पुण्यात मित्र होते, ते म्हणत होते ये इकडं. गोव्यातही कुणीतरी हॉटेलात काम देत होतं. “देव मला कुठं न्यायला लागलाय तेच कळेना,” म्हणाला. मी त्याला वही दिली. पहिल्यांदा त्याने लिहिलं, पुणे की गोवा की इथंच? मग थोडा वेळ पेन तसंच धरून बसला आणि त्याखाली लिहिलं, वडिलांचं डोळ्याचं ऑपरेशन कोण करणार? आई पदर तोंडाला लावून बसली होती. घरात सहा महिने कुणी न बोललेली गोष्ट त्या ओळीत आली. मी त्याला विचारलं, यातलं तुला आजच स्पष्ट काय आहे? वडिलांना दवाखान्यात न्यायचं, हे स्पष्ट होतं. कन्नड लिहायला शिकलं तर कुठंही फायदाच, हेही स्पष्ट होतं. म्हटलं, मग या दोन गोष्टींसाठी वेगळ्या दर्शनाची गरज नाही. वडिलांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. दवाखान्याच्या फेऱ्यांत त्याची एका औषधाच्या होलसेल दुकानदाराशी ओळख झाली, आणि आज तो त्यांचा माल घेऊन बेळगाव ते कोल्हापूर फिरतो. मराठी आणि कन्नड दोन्ही बोलतो. वहीतल्या तीन गावांपैकी एकही त्यात नव्हतं.

वही

एकदा ताप बघून आम्ही कधी निदान केलं नाही. पलंगाच्या पायाशी तक्ता टांगलेला असायचा, सकाळ-संध्याकाळचे आकडे त्यावर भरायचे आणि डॉक्टर आले की आकड्यापेक्षा रेघ कुठं चाललीय ते बघायचे. मनाचंही तसंच आहे. आज प्रार्थनेत आनंद वाटला म्हणजे ‘हो’ आणि उद्या जड वाटलं म्हणजे ‘नाही’, असं ठरवू नका. रेघ बघा.

मी शंभर पानी साधी वही केली होती. रात्री झोपण्यापूर्वी तारीख घालायची आणि चार गोष्टी लिहायच्या. आज कोणतं वचन वाचलं. कुणी काय सांगितलं. ‘पुण्याला जावं’ असा विचार आला तेव्हा मन कसं होतं. आणि आज समोर आलेलं काम केलं की टाळलं. पानभर नाही, चार ओळी. पावसाळ्यातलं एक पान अजून आठवतं. दिवसभर झड लागली होती, लाईट नव्हती, मेणबत्तीच्या उजेडात मी लिहिलं होतं, ‘जावं असं फार वाटलं. संध्याकाळी.’ मागची पानं चाळली तर सगळीकडे तेच, संध्याकाळी. सकाळी कधीच नाही. मुलाकडे जायची ओढ होती ती दिवेलागणीच्या एकटेपणाची होती. एकटेपणा खोटा नसतो, पण त्याच्यावर पुण्याखेरीज दुसरेही उपाय असू शकतात हे त्या वहीमुळे मला दिसलं.

दर रविवारी दुपारी आठवड्याची पानं एकदम वाचा. महिन्याने महिन्याची वाचा. परक्या राजाच्या चाकरीत असलेल्या नहेम्याला यरुशलेमच्या पडक्या भिंतींची बातमी किसलेव महिन्यात कळली आणि राजापुढे तो बोलला नीसान महिन्यात. मध्ये जवळजवळ चार महिने उपास आणि प्रार्थना. पण राजाने काय हवंय असं विचारलं तेव्हा किती दिवस लागतील, कुणाला पत्रं पाहिजेत, लाकूड कुठून आणायचं, सगळं त्याच्या तोंडावर तयार होतं. त्या चार महिन्यांत तो नुसता रडत बसला नव्हता हे त्यावरून कळतं.

वचन कसं वाचावं

डोळे मिटून पवित्र शास्त्र उघडायचं, बोट ठेवायचं आणि ज्या ओळीवर बोट पडेल ते उत्तर, ही सवय आपल्याकडे खूप आहे. कृपा करून सोडून द्या. देव दयाळू आहे, अशा वेळीही कधी धीर देतो, पण तो मार्ग म्हणून शिकवलेला नाही. एक पुस्तक धरा आणि रोज पुढे पुढे वाचा. बदलाच्या काळात मी उत्पत्ती १२ पासून शेवटपर्यंत, रूथ आणि फिलिप्पैकरांस पत्र सुचवते.

यिर्मया २९:११ तर आपल्याकडे कॅलेंडरवर, चहाच्या कपावर, भिंतीवर सगळीकडे असतं. देवाच्या मनातले संकल्प हिताचे आहेत, हे खरंच आहे. पण ते पत्र कैद करून बाबेलात नेलेल्या यहुदी लोकांना लिहिलेलं आहे आणि त्याआधीच्या ओळी आपण गाळतो. घरे बांधा, मळे लावा, मुलाबाळांची लग्नं करा, ज्या नगरात तुम्हांला नेलंय त्याच्या हितासाठी प्रार्थना करा. आणि सुटका केव्हा? सत्तर वर्षांनी.

सीमाभागात राहणाऱ्या माणसाला हे पत्र जास्त कळावं. १९५६ साली बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं तेव्हा आमच्या आजी-आजोबांना कुणी विचारलं नव्हतं. ती बोच अजून पुष्कळ घरांत आहे आणि ती मी हलकी लेखत नाही. आपल्या मंडळ्यांनीही न मागितलेले बदल पाहिलेत. लंडन मिशनरी सोसायटीने इथं १८२० मध्ये काम सुरू केलं आणि १९०४ मध्ये ते मेथडिस्टांकडे सोपवलं. काही बदल आपण निवडत नाही, ते आपल्यावर येतात. तिथं ‘कुठं जाऊ’ हा प्रश्नच नसतो, ‘इथं कसा राहू’ हा असतो, आणि त्याचं उत्तर त्या पत्रात सरळ लिहिलेलं आहे.

आणखी एक. ज्याबद्दल आज्ञा स्पष्ट आहे त्याबद्दल मार्गदर्शन मागू नका. हुंडा घ्यावा का, भावाचा वाटा बुडवावा का, खोटा दाखला जोडावा का, म्हाताऱ्या आईला टाकून ‘सेवेला’ जावं का. मार्क ७ मध्ये प्रभू येशूने, आईबापांना द्यायचं ते देवाला अर्पण केलं म्हणून हात वर करणाऱ्यांना काय सुनावलंय ते वाचा. देवाचा आत्मा देवाच्या वचनाविरुद्ध बोलत नाही.

कुणाला विचारावं

पन्नास जणांना विचारू नका, गोंधळ होतो. एकालाच विचारू नका, त्याचंच मत तुमच्यावर बसतं. मी तीन माणसं सांगते. एक तुमच्यावर जीव असलेलं. एक या वाटेने आधी गेलेलं. आणि एक तुम्हांला ‘नाही’ म्हणायला न कचरणारं. हे तिसरं माणूस मिळणं कठीण, पण त्याच्याशिवाय पुढे जाऊ नका.

माझ्यासाठी ते माणूस म्हणजे आमच्या कन्नड उपासनेला येणाऱ्या एक बाई. आमच्याकडे आधी मराठी उपासना होते, मग कन्नड, मधल्या वेळात दारात भेट होते. त्या कन्नडमध्ये प्रार्थना करतात, ‘देवरे, देवरे’ म्हणत, मी मराठीत आमेन म्हणते. त्यांना मी सगळं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, “अक्का, पुण्याला तुमची गरज आहे म्हणून जाताय, की इथं तुमची गरज कुणाला नाही असं वाटतंय म्हणून?” मला त्या दिवशी राग आला होता. रागही वहीत लिहिला.

‘प्रभूने मला तुझ्याविषयी सांगितलंय’ असं म्हणत येणाऱ्यांचं काय करावं? पवित्र आत्मा आजही बोलतो असं मी मानते. पण १ थेस्सलनीकाकरांस ५ मध्ये संदेश तुच्छ मानू नका आणि सर्व गोष्टींची पारख करा, ही दोन्ही वाक्यं लागून लागून येतात. पारख केलेली ज्याला चालत नाही, जो घाई करतो, घरच्यांपासून लपवायला सांगतो किंवा पैसे मागतो, त्याला नमस्कार करून निरोप द्या. विशेषतः लग्नाच्या बाबतीत. कुण्या मुलीला ‘तूच माझी बायको असं देवाने दाखवलं’ असं कुणी सांगितलं, तर तिने निर्धास्त म्हणावं की देव मलाही सांगेल.

उघडी दारं, बंद दारं

दार उघडलं म्हणजे देवानेच उघडलं, असं धरून चालू नका. देवाने निनवेला जा म्हटलं असता योना निनवेकडे पाठ करून याफोला गेला तर तार्शीशला जाणारं जहाज तयारच उभं होतं, भाडं द्यायला पैसेही होते. सोय झाली म्हणजे आज्ञा झाली असं नसतं.

बंद दाराचंही तसंच. प्रेषितांची कृत्ये १६ मध्ये प्रेषित पौलाला आशिया प्रांतात वचन सांगायला मनाई होते, बिथुनियाकडे जाऊ दिलं जात नाही, तो त्रोवसला येऊन थांबतो आणि तिथं रात्री मासेदोनियाच्या माणसाचा दृष्टान्त होतो. त्यानंतरही सगळे मिळून विचार करतात आणि मग निघतात. दोन दारं बंद होईपर्यंत पौल घरी बसलेला नव्हता, चालत होता.

आपल्याकडचं उदाहरण मला पंडिता रमाबाईंचं वाटतं. १८८२ मध्ये पती वारले, कडेवर लहानगी मनोरमा. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या, तिथं बाप्तिस्मा घेतला. मनात होतं वैद्यकीय शिक्षण घ्यायचं. पण ऐकू कमी येत असल्याने ते दार बंद झालं. विधवा, परदेशात, लहान मूल, आणि ज्यासाठी आले तेच होणार नाही! तेव्हा समोर होतं ते त्यांनी केलं, शिकल्या आणि शिकवलं. १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन निघालं. पुढे दुष्काळात त्यांनी मुली-बायका आणल्या आणि केडगावची मुक्ती मिशन ही संस्था उभी राहिली. इंग्लंडमधल्या त्या दिवसांत केडगाव कुणाला दिसत होतं?

शांती आणि सुटका यांत फरक करा

‘शांती वाटते’ हे आपलं आवडतं माप. पण सुटल्यासारखं वाटणं आणि शांती या वेगळ्या गोष्टी आहेत. भांडकुदळ सासू, त्रासदायक साहेब, कर्ज यांपासून लांब जायचं ठरलं की छाती हलकी होतेच. आठवडाभर थांबून बघा. शांती असेल तर ती पहाटे जाग आल्यावरही असते आणि ज्यांच्याशी पटत नाही त्यांच्याशी वागण्यातही उतरते. गलती ५:२२ मधली आत्म्याची फळं, प्रीती, आनंद, शांती, ममता वगैरे, काढा आणि घरातल्या माणसाला विचारा, हा निर्णय मनात घोळायला लागल्यापासून मी जास्त ममतेने वागते की जास्त चिडते? उत्तर आवडलं नाही तरी लिहून ठेवा. उलट, वधस्तंभाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत प्रभूला घाम फुटला होता, तरी तो पित्याच्या इच्छेतच होता. तेव्हा भीती वाटते म्हणून मार्ग चुकीचा असंही नाही.

गिदोनाने जमिनीवर लोकर ठेवून ती दवाने भिजावी अशी खूण देवाकडे मागितली, त्या लोकरीबद्दल सगळे विचारतात. शास्ते ६ सबंध वाचा. गिदोनाला काय करायचं ते आधीच सांगितलेलं होतं. लोकर त्याने घाबरून मागितली आणि देवाने त्याला सांभाळून घेतलं. ‘उद्या दहापर्यंत फोन आला तर हो’ असल्या अटी देवाला घालू नयेत.

घरात एकाला स्पष्ट झालं आणि दुसऱ्याला नाही, असं पुष्कळदा होतं. ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये. मधली वर्षं दोघांनाही किती जड गेली हे मराठी माणसाला माहीत आहे. तुमचं स्पष्ट झालं असेल तर घरच्यांना वेळ द्या. ओढून नेऊ नका.

लहान पाऊल आधी

परत फिरता येईल असं पाऊल पहिल्यांदा टाका. मी घर विकलं नाही. कुलूप घालून सुनेच्या बाळंतपणाला पुण्याला गेले, काही महिने राहिले. नातवाला न्हाऊमाखू घालताना फार सुख होतं आणि तेही मी लिहिलं. पण घरी दोघं कामावर जाणारी, बाळ पाळणाघरात जायला लागल्यावर दिवसभर मी चौथ्या मजल्यावर खिडकीशी बसून. परत आले तेव्हा नर्सिंगच्या दोन मुली खोली शोधत होत्या, एक चिकोडीकडची, एक निपाणीची. माडीवरची खोली त्यांना दिली. आता संध्याकाळी त्या स्वयंपाकघरात येऊन बसतात, सलाईनचे थेंब कसे मोजायचे विचारतात, भाकरी थापायला शिकतात. उन्हाळ्यात मी पुण्याला जाते. पुढे गुडघे दुखायला लागले की पुन्हा विचारायचं आहे, तेव्हाचं तेव्हा.

निर्णय झाल्यावर वही बंद करू नका, आणखी सहा महिने लिहा. पौल मासेदोनियात पोचला आणि थोड्याच दिवसांत फिलिप्पैच्या तुरुंगात पडला, म्हणजे अडचण आली तर लगेच ‘चुकलं वाटतं’ म्हणायचं कारण नाही. पण चार महिने रेघ खालीच चालली असेल तर त्याच तीन माणसांकडे पुन्हा जा. आणि निर्णय काहीही झाला तरी त्या तिघांना येत्या रविवारी उपासनेनंतर गाठून सांगा. आपण सांगायचं विसरतो आणि ते बिचारे अजून रोज रात्री आपलं नाव घेऊन प्रार्थना करत असतात.